पंपाचं बीड का फुटतं?
ओतकामाची तोंडओळख : खरेदी, दुरुस्ती आणि भंगार, तिन्ही वेळी उपयोगी पडणारी

शेतकरी बंधूंनो, समजा वैशाख चालू आहे. सुरू लागणीचा ऊस गुडघ्याला आला आहे, विहिरीला पाणी आहे आणि या आठवड्यात विजेची पाळी रात्रीची आहे. तुम्ही स्टार्टर दाबता. मोटर फिरते, पण पाटात पाणी येत नाही. बॅटरी मारून बघता तर पंपाच्या बगलेतून चिळकांडी उडते आहे. केसिंगला केसासारखी बारीक चीर गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी केसिंग पोत्यात घालून तुम्ही तालुक्याला जाता. मेस्त्री म्हणतो, "नवीनच टाका." वेल्डिंगवाला म्हणतो, "कशाला? तासाभरात मारून देतो." दुकानदार दोन केसिंग पुढं ठेवतो. दोन्हींना निळा रंग, दोन्हींचं माप एक, पण किमतीत बराच फरक. तीन माणसांचे तीन सल्ले, आणि इकडं उसाच्या पाण्याची पाळी चुकते ती चुकतेच.

अशा वेळी आपण बहुधा अंदाजानं किंवा ओळखीवर निर्णय घेतो. बियाणं घेताना आपण दाणा हातात घेऊन बघतो, बैल घेताना दात बघतो. मग बिडाचा भाग घेताना नुसता रंग बघून का घ्यावा? बिडालाही बघण्याची रीत आहे. पण त्यासाठी ते ओततात कसं, हे थोडं समजून घ्यायला हवं. आज तेच पाहू.

घडीव आणि ओतीव

गावातला लोहार विळा, खुरपं, कुऱ्हाड करतो. तो लोखंड लालभडक तापवतो आणि घणाखाली ठोकून आकार देतो. हे घडीव काम. यात लोखंड मऊ होतं, पण त्याचं पाणी होत नाही.

पंपाचं केसिंग मात्र गोगलगाईच्या शंखासारखं, आतून पोकळ आणि वळणावळणाचं असतं. ते ठोकून करता येणार नाही. त्यासाठी धातू पूर्ण वितळवून त्याचा रस साच्यात ओतावा लागतो. रस थिजला की साच्याचा आकार धातूला येतो. हे ओतीव काम, म्हणजेच ओतकाम. आपल्याकडचे ओतारी पितळेच्या घंटा, घुंगरं ओतत आले ते याच रीतीनं. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबादला एका शेतकऱ्याला खणताना कांशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या वस्तूही ओतीवच आहेत. म्हणजे ही विद्या आपल्या मातीत नवी नाही.

ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं आहे त्यांना ओतकाम समजायला अवघड नाही. काहिलीतला गूळ वेळेवर उतरवला, साच्यात नीट भरला, तर रवा घट्ट आणि गुळगुळीत होतो. पाक कच्चा राहिला किंवा साच्यात गडबड झाली, तर रवा बिघडतो. बिडाचंही तसंच आहे. फरक एवढाच की गुळाचा बिघाड दिसतो आणि बिडाचा आत दडून राहतो.

बीड म्हणजे नेमकं काय?

शुद्ध लोखंड वितळायला सुमारे १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यात साधारण तीन ते साडेतीन टक्के कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असेल तर तेच लोखंड साडेअकराशे-बाराशे अंशांना वितळतं आणि पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं. हेच बीड. पोलादात कार्बन बराच कमी, दोन टक्क्यांच्या आत, आणि बहुतेक पोलादात तर एक टक्काही नसतो.

बीड थिजताना त्यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानं वेगळा होतो. पेन्सिलीत असतं तेच हे ग्रॅफाइट. म्हणून मोडलेलं बीड राखाडी दिसतं आणि बोट फिरवलं तर काळं लागतं. या पापुद्र्यांमुळं बीड यंत्रावर सहज कापलं जातं, हादरे जिरवतं आणि घासणीला टिकतं. पण त्यांचा तोटाही आहे. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत अगोदरच असलेली एक बारीक चीर. त्यामुळं बीड दाबाला खंबीर असतं, पण ताणाला कच्चं. ताणापेक्षा तिपटी-चौपटीनं जास्त दाब ते सोसतं.

म्हणून यंत्राचा पाया बिडाचा चालतो, पिढ्यानपिढ्या टिकतो. पंपाच्या केसिंगमध्ये मात्र पाणी आतून बाहेर रेटतं, म्हणजे बिडावर ताण येतो. घणाचा घाव बसला तरी तेच. पोलाद वाकतं, बीड वाकत नाही. ते एकदम फुटतं.

बिडाच्या आणखी दोन जाती ध्यानात ठेवा. रस फार झटकन थंड झाला तर ग्रॅफाइट सुटायला वेळच मिळत नाही. असं बीड मोडल्यावर पांढरं दिसतं, काचेसारखं कडक आणि ठिसूळ असतं, त्यावर ड्रिल चालत नाही. दुसरी जात एस.जी. किंवा डक्टाइल बिडाची. रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्रॅफाइटचे पापुद्रे न होता गोल दाणे होतात. मग तेच बीड बरंचसं पोलादासारखं, थोडं वाकून सोसणारं होतं. हा शोध १९४८ साली जाहीर झाला. ट्रॅक्टरचे अनेक भाग आता याच बिडाचे असतात. नळपाणी योजनेत येणारे डी.आय. पाइप म्हणजे डक्टाइल आयर्नचेच. ते गरगर फिरणाऱ्या साच्यात रस ओतून करतात.

नांगरापासून इंजिनापर्यंत

आपल्या भागातला ओतकामाचा धंदा शेतीच्याच पोटी वाढला, हे विसरता कामा नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होईल अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळं पहिले नांगर खपायलाही वेळ लागला. पुढं औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात ओतकामाला लागणारं कच्चं बीड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, ही गोष्ट आजही सांगितली जाते.

कोल्हापुरात पुढं उसाचे चरक आणि विहिरीवरची ऑईल इंजिनं बनू लागली, आणि त्यांच्यासाठी बीड ओतणाऱ्या फौंड्र्या निघाल्या. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून मोटारगाड्यांचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे ओतीव भाग देशभर आणि परदेशातही जातात. त्यांना लागणारी सिलिका वाळू घाटाखालच्या कासार्डे भागातून येते. आणि भट्टीपुढं उभी राहणारी माणसं बहुतेक आपल्याच गावांतली असतात.

साचा : सगळी मदार वाळूवर

आता केसिंग ओततात कसं ते पाहू. आधी त्याचा लाकडी किंवा धातूचा नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा असतो, कारण थंड होताना धातू आकसतो. बिडाला मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आणि पोलादाला सुमारे २० मिलिमीटर वाढ धरतात. म्हणून जुनं केसिंगच पॅटर्न म्हणून वापरून कोणी 'तसंच' ओतून देतो म्हणाला, तर सावध व्हा. तो भाग मापाला लहानच येणार.

मग खालची आणि वरची अशा दोन पेट्यांत पॅटर्नभोवती वाळू ठोकून भरतात. ही नुसती वाळू नव्हे. सिलिका वाळूत बेंटोनाइट नावाची चिकण माती, दगडी कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी घालून ती मळतात. जुना मोल्डर वाळू मुठीत दाबून बघतो. लाडवासारखा मुटका वळला पाहिजे, आणि मोडला तर भुगा न होता दोन तुकडे झाले पाहिजेत. आता प्रयोगशाळेत ओल आणि ताकद मोजतात, पण मुठीची परीक्षा अजून गेलेली नाही.

पॅटर्न काढून घेतला की वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते. केसिंगची आतली जागा मोकळी राहावी म्हणून त्या पोकळीत वाळूचाच एक घट्ट गाभा बसवतात. त्याला कोअर म्हणतात. कोअर आणि साचा यांच्यामध्ये जी फट उरते, तेवढीच केसिंगची जाडी. हे वाक्य पक्कं लक्षात ठेवा. कोअर दोन-तीन मिलिमीटर सरकला की एका बाजूची भिंत तेवढी जाड आणि समोरची तेवढी पातळ होते. पंप फुटतो तो त्या पातळ बाजूला.

रस आत जायला वाट ठेवतात, ती रनर. आणि वर रसाचा एक जादा साठा ठेवतात, तो रायझर. थिजताना रस आटतो, तेव्हा आतला भाग रिकामा पडू नये म्हणून रायझरमधून तो भरून निघतो. रोपाला वरून पाणी सुटत राहावं म्हणून आपण टाकी उंचावर ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. रायझर नंतर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात.

भट्टी आणि रस

पूर्वी सगळीकडं क्युपोला भट्टी असे. उंच पिंपासारख्या भट्टीत कोक, कच्चं बीड, भंगार आणि चुनखडी यांचे थर देऊन खालून पंख्याचा वारा सोडतात. चुनखडी मळ धरून वर तरंगते, खालून लाल-पिवळा रस निघतो. आता बऱ्याच ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. त्यात रसाचा नमुना काढून कार्बन-सिलिकॉन तपासता येतं आणि कमी-जास्त करता येतं.

साच्यात ओतताना रस साधारण १,३५० ते १,४०० अंशांचा असतो. थंड पडलेला रस ओतला तर तो साच्यात दोन वाटांनी जाऊन पुन्हा भेटताना एकजीव होत नाही. तिथं सांधा राहतो. वाळूत ओल जास्त झाली तर त्याहून वाईट. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. वाफेला साच्यातून बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती रसातच बुडबुडा होऊन अडकते.

खोट कुठं राहते?

थोडक्यात सांगायचं तर ओतीव भागात बहुतेक वेळा या पाच खोटी सापडतात :

१. वायूची पोकळी : ओल किंवा वाफ अडकल्यानं. आतून गुळगुळीत, गोल भोक दिसतं.

२. आकसाची पोकळी : रस कमी पडल्यानं, जिथं भाग जाड असतो तिथं. ही खडबडीत, स्पंजासारखी असते. अशा जागेतून पाणी झिरपतं.

३. कोअर सरकणं : एका बाजूची भिंत पातळ.

४. थंड सांधा : पृष्ठभागावर चिरेसारखी, पण कडा गोलसर असलेली रेघ.

५. वाळू किंवा मळी : रसाबरोबर वाहून आलेली, आत रुतून बसलेली.

यातल्या कितीतरी खोटी लोखंडी लांबी भरून आणि वर रंग मारून झाकता येतात. आणि झाकलेली खोट दुकानात कधीच उघडी पडत नाही. ती तुमच्या विहिरीवर, ऐन पाण्याच्या पाळीला उघडी पडते. चांगली फौंड्री खोटीचा माल परत भट्टीत टाकते. पण तो बाजूला काढलेला माल कुठं तरी रंगून विकला गेला, तर त्याची किंमत तुमचं पीक मोजतं.

विकत घेताना काय बघाल?

पहिलं, आत बघा. बॅटरी मारा, बोट फिरवा. बाहेर रंगाची सफाई असते, खरा माल आतल्या बाजूला कळतो. लांबीचा ठिपका नखानं किंवा खिळ्यानं खरवडून बघा. बीड खरवडलं जात नाही, लांबी खरवडली जाते.

दुसरं, जाडी बघा. तोंडाजवळ समोरासमोरच्या भिंती सारख्या जाड आहेत का? डोळ्यांना फरक दिसत असेल तर कोअर सरकलेला आहे.

तिसरं, वजन करा. एकाच मॉडेलचे दोन भाग काट्यावर ठेवा. जो बराच हलका, त्यात बीड कमी घातलं आहे किंवा आत पोकळी आहे.

चौथं, वाजवून बघा. कुंभाराकडून मडकं घेताना आपण बोटानं वाजवतो ना? तसंच. भाग दोरीला टांगून लहान हातोडीनं हलकेच टिचकी मारा. बीड घंटेसारखं खणखणत नाही, पण चांगल्या आणि चीर गेलेल्या भागाच्या आवाजात फरक स्पष्ट कळतो. चिरलेला भाग भद्द वाजतो. दोन सारखे भाग शेजारी घेऊन ऐकलं की कानाला शिकवावं लागत नाही.

पाचवं, बारीक चिरेचा संशय असेल तर रॉकेल किंवा डिझेल आतून लावा आणि बाहेरून चुन्याचा पातळ हात द्या. चुना सुकल्यावर थोडा वेळ थांबा. चीर असेल तिथं चुन्यावर ओलसर रेघ उमटते. जुन्या वर्कशॉपातली ही परीक्षा फुकटातली आहे, पण खात्रीची आहे.

सहावं, दाबाचं विचारा. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब. तुमचं पाणी ३० मीटर चढत असेल तर केसिंगवर ३ किलो दाब आलाच, आणि व्हॉल्व्ह बंद असताना तो आणखी वाढतो. चांगला कारखाना पंप देऊ शकेल त्या जास्तीत जास्त दाबाच्या दीडपट दाबानं पाणी भरून केसिंग तपासतो. "प्रेशर टेस्ट केलेलं आहे का, आणि बिलावर तसं लिहून देता का?" एवढं विचारायला काही खर्च नाही. दुकानदाराच्या उत्तरावरूनच निम्मं कळतं.

राखाडी बिडाची प्रत आय.एस. २१० या मानकात ठरवून दिली आहे. एफ.जी. २०० म्हणजे एका चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन ताण सोसणारं बीड. आकडा जितका मोठा तितकं बीड मजबूत. बिलावर मॉडेल, प्रत आणि तारीख लिहून घ्या. तोंडी हमी पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

चांगलं बीडही आपणच फोडतो

सगळा दोष कारखान्यावर टाकणं बरं नव्हे. कितीतरी चांगली केसिंग आपल्याच हातानं फुटतात. डिलिव्हरी पाइपाला खालून टेकू न देता त्याचं सगळं वजन पंपाच्या तोंडावर लोंबतं ठेवतो. पाइप जुळत नसेल तर बोल्टांनी ओढून आणतो. बोल्ट एका बाजूचे आधी पक्के आवळतो आणि मग समोरचे, वास्तविक ते समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलं पाहिजे. पंप कोरडा चालून तापला की घाईनं त्यावर गार पाणी ओततो. तापल्या तव्यावर पाणी पडल्यावर काय होतं, हे घरात विचारा. आणि इंपेलर निघत नाही म्हणून घण घालतो. उंच चढावाच्या लाइनीला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह नसेल किंवा बिघडला असेल, तर वीज जाताच पाण्याचा लोंढा मागं येऊन पंपाला धडकतो. त्या धडकेनं बीड फुटलं तर ओतणाऱ्याचा त्यात काय दोष?

मोडलं तर जोडावं की बदलावं?

बिडाला वेल्डिंग होतं, पण ते पत्र्याच्या वेल्डिंगसारखं नाही. साधी लोखंडी रॉड घेऊन थंड बिडावर सरळ मारलं, तर जोडालगतचं बीड झटकन तापून झटकन थंड होतं आणि पांढरं, काचेसारखं होतं. मग जोड टिकतो, पण त्याच्या शेजारी नवी चीर जाते.

रीत अशी आहे : चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. चीर व्ही आकारात कोरून स्वच्छ करायची, तेल-ग्रीस जाळून काढायचं. भाग सावकाश, सगळीकडं सारखा तापवायचा. निकेलची रॉड वापरायची, एका वेळी बोटाच्या पेराएवढाच टाका घालायचा आणि हलक्या हातोडीनं ठोकत जायचं. शेवटी भाग कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू द्यायचा. वेल्डरला विचारा, "रॉड कुठली? तापवणार कसं? निववणार कशात?" या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो भाग त्याच्याकडं देऊ नका.

पायाचा कान मोडला, बोल्टाची जागा उडाली, तर जोडणं परवडतं. पण जिथं पाण्याचा दाब आहे आणि बीड स्पंजासारखं पोकळ निघालं आहे, किंवा चीर बेअरिंगच्या घरातून गेली आहे, तिथं जोडण्यात पैसा घालू नका. बदला.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

ग्रामपंचायतीची बिडाशी गाठ तीन ठिकाणी पडते. पहिली गटारीच्या चेंबरवरच्या झाकणांत. बिडाच्या झाकणांचं मानक आय.एस. १७२६ आहे. त्यात हलकं २.५, मध्यम १०, जड २० आणि अतिजड ३५ टनांचं असे वर्ग आहेत. ज्या रस्त्यानं उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात तिथं हलकं झाकण बसवलं, तर हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच ते फुटेल आणि रात्री एखादा सायकलवाला त्यात जाईल. टेंडरमध्ये नुसतं 'बिडाचं झाकण' न लिहिता वर्ग लिहा. माल आला की झाकणावर तो वर्ग ओतलेला आहे का ते बघा आणि वजन करून घ्या.

दुसरी गाठ फौंड्रीच्या वापरलेल्या वाळूशी. ही काळी वाळू भरावाला फुकट मिळते म्हणून ओढ्याकाठी, विहिरीजवळ, कधी शेतातल्या खड्ड्यात टाकली जाते. त्या वाळूत बेंटोनाइट, कोळसा, धातूचे कण आणि काही वेळा कोअरसाठी वापरलेल्या रासायनिक राळेचे अंश असतात. पावसाचं पाणी त्यातून झिरपून आपल्याच विहिरीत येतं. फौंड्रीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते आणि कचरा कुठं, कसा टाकायचा हेही त्यात येतं. ट्रक गावात आला तर माल कुणाचा, कुठं जाणार आणि परवानगी काय, हे विचारणं ग्रामपंचायतीचं काम आहे. वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याची यंत्रं आता आहेत, तेव्हा ती आपल्याच शिवारात यावी असं काही नाही.

तिसरी गाठ भंगाराशी, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. फुटलेलं बीड, पत्रा, अ‍ॅल्युमिनियम, पितळ वेगवेगळं ठेवून विका. मिसळून दिलं तर भाव सगळ्यात हलक्याचा मिळतो. पण एक गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. दोन्ही तोंडं बंद असलेली नळी, जुना शॉकअ‍ॅब्जॉर्बर, हायड्रॉलिकचा सिलिंडर, गॅसची टाकी किंवा पाणी साचलेला डबा तसाच भंगारात देऊ नका. तो भट्टीतल्या रसात पडला की आतल्या हवेचा आणि पाण्याचा क्षणात स्फोट होतो आणि चौदाशे अंशांचा रस भट्टीवाल्याच्या अंगावर उडतो. ग्रामपंचायतीनं भंगार विकताना अशा वस्तू वेगळ्या काढून, उघड्या करूनच द्याव्यात. त्या कशा उघडायच्या हे जाणकाराकडून करून घ्यावं. बंद टाकीला घरी गॅसकटर लावू नये.

भट्टीपुढं उभी असलेली मुलं

गावातला एखादा मुलगा दहावी-बारावी झाली की फौंड्रीत लागतो. पगार चालू होतो, घरात आनंद होतो. त्याला दोन गोष्टी सांगा. एक, ओल आणि रस यांची गाठ पडू द्यायची नाही. ओला हात, ओला पळा, जमिनीवर सांडलेलं पाणी, यातलं काहीही रसाजवळ नको. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांवर चष्मा. नायलॉनचा शर्ट रसाच्या ठिणगीनं अंगाला चिकटतो.

दुसरी गोष्ट धुळीची. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडते. जी दिसत नाही, ती सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि वर्षांनी सिलिकोसिस होतो. या रोगात फुफ्फुस कडक होतं आणि ते पुन्हा बरं होत नाही. म्हणून साचे फोडताना, माल साफ करताना धूळ ओढणारी यंत्रणा हवी, योग्य मास्क हवा आणि ठराविक काळानं छातीची तपासणी हवी. हे मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, हक्क आहे. नुसता तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

आणि मुलाला हौस असेल तर त्याला नुसतं ओझं उचलायला पाठवू नका. आय.टी.आय.मध्ये फाउंड्रीमनचा ट्रेड आहे. पॅटर्न करणं, वाळू तपासणं, रसाची परीक्षा, संगणकावर साच्याची आखणी, ही सगळी शिकून येणारी कामं आहेत. ज्याला खोट का पडते हे कळतं, त्याला फौंड्रीत किंमत मिळते.

तेव्हा बंधूंनो, पुढच्या वेळी केसिंग फुटलं तर घाईनं पोत्यात कोंबू नका. आधी मोडलेली कड उन्हात धरून बघा. राखाडी आहे की पांढरी? भिंत एकीकडं पातळ आहे का? भोक गोल, गुळगुळीत आहे की खडबडीत? हा तुकडा दुकानात बरोबर न्या आणि दुकानदारासमोर काउंटरवर ठेवा. आपल्याला काय विचारायचं आहे ते तो तुकडाच सांगेल. आणि नवा भाग बसवलात की पाइपाखाली टेकू द्यायला विसरू नका.